"ग्रास-फेड देशी तूप" म्हणून आम्हाला जे विकलं गेलं, बेळगाव-खानापूरच्या लोकांनी जरूर वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर देशी गाईच्या ग्रास-फेड, म्हणजे फक्त गवतावर पोसलेल्या गाईच्या, तुपाच्या जाहिराती जोरात फिरताहेत, वर्षाचं बुकिंग करा, पैसे आधी भरा, दर महिन्याला एक किलो घरपोच. आम्ही हेच बुकिंग केलं होतं आणि फसलो. फार्मचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. पण लबाडी नेमकी कुठं बसलेली असते ते सगळं सांगते, कारण तुपात डालडा असेल, तेल असेल अशी जी भीती आपल्या मनात असते ती इथं खरी नव्हती. तूप तूपच होतं. गाय काय खाते ते खोटं होतं, आणि जादा पैसे आम्ही त्याचेच मोजले होते.

लेकीचं बाळंतपण माझ्याकडं व्हायचं होतं. डिंकाचे लाडू, अळीव, सगळ्याला तूप लागतं, आणि बाळंतिणीला चांगलंच द्यावं असं कुठल्या आईला वाटत नाही? साधं गाईचं तूप सातशेच्या आसपास मिळतं, हे किलोला २,६०० रुपये, वर्षाचे ३१,२०० एकदम. कागद मात्र असा छापलेला की वाचणाऱ्याला वाटावं माणसं अभ्यास करून धंद्यात उतरलीत. खिल्लार गायी, खानापूरच्या जंगलपट्ट्यात बारा महिने हिरव्या कुरणात चरणाऱ्या, पेंड नाही, धान्य नाही, मुरघास नाही. खाली तक्ता, "आमच्या तुपात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं प्रमाण १.५३, पेंड खाणाऱ्या गाईच्या तुपात ७.६५", म्हणजे ओमेगा-३ च्या किती पट ओमेगा-६ आहे ते, आकडा कमी तितकं चांगलं असं सांगायचं. शिवाय सीएलए, म्हणजे दुधाच्या चरबीतलं एक आम्ल, दुप्पट, आणि लॅबचा रिपोर्ट जोडलेला, शिक्क्यासकट.

पावसाळ्यातल्या बाटल्या आल्या त्या चांगल्या वाटल्या, रवाळ, वासाचं. खरी शंका काढली माझ्या दादानं. माहेर आमचं जांबोटीकडं, दादाच्या म्हशी आहेत, दोन गावठी गायीही आहेत. शिमग्यानंतर तो घरी आला होता, नातवाला बघायला, आणि ओट्यावरची बाटली उचलून उजेडात धरून म्हणाला, "एवढं पिवळं तूप आत्ता कुठनं येतंय गं? रानात सगळं गवत वाळून गेलंय, माझ्या गाईचं लोणी आता पांढुरकं पडलंय."

ते मला नुसतं बोलणं वाटलं नाही कारण त्यामागं कारण आहे. गाईच्या तुपाचा पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळं येतो. गाय ते कॅरोटीन बऱ्यापैकी तसंच दुधाच्या चरबीत सोडते, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून म्हशीचं तूप पांढरं. गवत वाळलं की कॅरोटीन उडून जातं, भाताच्या पिंजरात तर ते जवळजवळ नसतंच, मग उन्हाळ्यात तूप फिकट व्हायला पाहिजे. आपल्याकडं पाऊस जूनला सुरू होतो, दसरा-दिवाळीपर्यंत रान हिरवं, त्यानंतर डोंगरउतार पिवळे पडत जातात. बारा महिने हिरवं कुरण ही गोष्ट खानापुरातल्या माणसाला सांगून बघा, तो हसेल. ज्याच्याकडं विहिरीचं पाणी आहे तो हत्तीगवत लावतो, पण ते कापून गोठ्यात टाकलेलं असतं, त्याला कुरण म्हणत नाहीत. दादा अजून एक बोलला, खिल्लार ही अथणी-जतकडची, कोरड्या मुलखातली गाय, बैलासाठी नावाजलेली, आमच्या पावसाच्या रानात लहान चणीची गावठी जनावरंच टिकतात.

मग हिशोब केला, आणि हा हिशोब बुकिंग करणाऱ्या प्रत्येकानं करावा. गाईच्या दुधाला चार-साडेचार फॅट धरली तर एक किलो तुपाला पंचवीस लिटरच्या आसपास दूध लागतं, थोडं वायाही जातं. फार्मवाला स्वतः ग्रुपवर लिहितो आमचे दोनशे ग्राहक. म्हणजे महिन्याला पाच हजार लिटर, दिवसाला एकशे सत्तरच्या जवळ. खिल्लार गाय वासराचं सोडून अडीच लिटर देते असं धरलं तरी चालू दुधाच्या साठ-सत्तर गायी पाहिजेत, आटलेल्या वेगळ्या, गाभण वेगळ्या.

आम्ही फार्मवर गेलो, न कळवता. कळवून जायचं म्हटलं की प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं, आज लसीकरण आहे, आज मालक हुबळीला गेलेत. समोर रस्त्याकडं पाचेक खिल्लार बांधलेल्या, कपाळाला कुंकू, फोटोतल्या त्याच. मागं पत्र्याचं लांब शेड, त्यात एचएफ (होल्स्टीन) आणि जर्सी या विदेशी जातींच्या संकरित गायी, पुढ्यात उसाचं वाडं आणि कुट्टी, कोपऱ्यात सरकी पेंडीची पोती थप्पी लावलेली. शेडच्या पाठीमागं पंधरा किलोचे तुपाचे रिकामे डबे, दुसऱ्याच डेअरीचं लेबल असलेले. तिथल्या पोराला दादानं कन्नडमधून सहज विचारलं गायी कधी सोडता, तर तो म्हणाला सोडत नाहीत, सोडल्या तर दूध कमी होतं.

एक सांगते, सरकी पेंड घालणं हे पाप नाही. दादाही घालतो, आपल्याकडं प्रत्येक गोठ्यात घालतात, त्याशिवाय फॅट लागत नाही आणि दूध परवडत नाही. वाडं खाणारी, पेंड खाणारी गाय चांगलं तूप देते आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या तेच खाल्लंय. पण मग ते त्याच्या दरानं विका ना. सातशेचं तूप सव्वीसशेला विकायचं आणि मधले एकोणीसशे रुपये न चरलेल्या गवताचे घ्यायचे, याला चोरीच म्हणतात.

फोन केल्यावर मालक अगदी शांत, "ताई रिपोर्ट बघा, कुठल्याही लॅबला टाका, पास होईल". आम्ही टाकलं, आणि खरंच पास झालं. इथंच बहुतेक लोक गप्प बसतात म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. बाजारात तुपाचा जो नेहमीचा रिपोर्ट मिळतो त्यात बीआर रीडिंग (तुपातून प्रकाश किती वळतो त्याचं माप) असतं, आरएम व्हॅल्यू असते, बोडोइन टेस्ट असते. आरएम म्हणजे ब्युटिरिकसारखी दुधाच्या चरबीतली हलकी, उडणारी आम्लं किती आहेत त्याचं माप, त्यात तेल किंवा चरबी मिसळली की आकडा खाली येतो. बोडोइन टेस्टमध्ये वनस्पती तूप असेल तर लाल रंग येतो, कारण वनस्पतीत ओळखीसाठी तिळाचं तेल घालायचा नियम होता. या सगळ्या टेस्ट एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, हे तूप आहे की नाही. गाय कुरणात होती की शेडमध्ये, गवत खात होती की पेंड, याबद्दल त्या रिपोर्टात एक अक्षर नसतं. आमच्या रिपोर्टावर "शुद्ध" होतं ते खरं होतं, आणि त्याच्या आडून खोटं विकलं जात होतं.

माझी भाची बिदरला व्हेटर्नरी शिकते, तिला सगळे कागद पाठवले. तिनं पहिल्यांदा तक्ता धरला. १.५३ आणि ७.६५ हे आकडे तुपाचे नाहीतच. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी गवतावरच्या आणि धान्यावरच्या बैलांच्या मांसावरचे बरेच अभ्यास एकत्र करून एक आढावा छापला होता, त्यातली ती सरासरी आहे. म्हणजे अमेरिकेतल्या बीफचे आकडे. वर गोमातेचा हळदीकुंकू लावलेला फोटो आणि खाली गोमांसाचे आकडे उचलून चिकटवलेले, हे कळल्यावर मला जी चीड आली ती अजून गेलेली नाही, भाविक माणसांच्या श्रद्धेवर धंदा करताना यांना काहीच वाटलं नाही.

बीफचं तिकडं गणित असं की जनावर आधी कुरणावर वाढवतात आणि शेवटचे चार-सहा महिने फीडलॉटमध्ये कोंडून मक्यावर पोसतात, त्याला फिनिशिंग म्हणतात. मक्यावर चरबी लवकर चढते, मांसात पांढरी जाळी धरते, आणि जितके दिवस धान्यावर तितकं ओमेगा-३ खाली जातं. शेवटपर्यंत गवतावर ठेवलेल्या जनावराची चरबी कमी, पिवळसर, ओमेगा-३ आणि सीएलए जास्त. ते सगळं खरं आहे, आणि तिथंही ग्रास-फेड शब्दावरून घोळ चालतोच, अमेरिकेच्या शेती खात्यानं त्या लेबलाचं स्वतःचं मानक २०१६ मध्ये काढूनच घेतलं. पण मांसातली चरबी महिन्यांनी बदलते, दुधातली आठ-पंधरा दिवसांत. गाय गवतावरून पेंडीवर आणली की पंधरवड्यात दुधाची चरबी वेगळी झालेली असते. म्हणून ऑगस्टमधल्या हिरव्या रानाचा व्हिडिओ दाखवून मार्चमधल्या बाटलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट भाचीनं सांगितली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात जे सूक्ष्मजीव असतात ते चाऱ्यातल्या ओमेगा-३ सारख्या चरबीला हायड्रोजन जोडून तिची घट्ट चरबी करून टाकतात. बहुतेक सगळं तिथंच संपतं, थोडंसंच निसटून दुधापर्यंत जातं. मधल्या टप्प्यावर जे एक आम्ल तयार होतं त्यापासून कासेत सीएलए बनतं, म्हणून हिरव्या चाऱ्यावर सीएलए वाढतं हे खरं. पण ओमेगा-३ चांगल्या कुरणावरच्या गाईच्या तुपातसुद्धा शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅम असतं! आपल्या घरात जवसाची चटणी रोज असते, बाळंतिणीला ओमेगा-३ पाहिजे म्हणून सव्वीसशेचं तूप आणायची गरज कुणालाच नाही.

आणि ए-टू, तेही लेबलवर मोठ्या अक्षरात होतं. ए-वन ए-टू हा दुधातल्या केसिन प्रथिनाचा फरक, तुपात प्रथिन राहतच नाही म्हणायला हरकत नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनं २१ ऑगस्ट २०२४ ला हे दावे काढा म्हणून आदेश काढला होता, पाच दिवसांत परत घेतला, त्याचा फायदा हे लोक उठवतात.

मग पुरावा कसा मिळवला ते. भाचीच्या सांगण्यावरून आम्ही लॅबला हाल्फेन टेस्ट वेगळी मागितली. सरकीत एक खास प्रकारचं आम्ल असतं, ते जनावराच्या पोटातून थोडं दुधाच्या चरबीत उतरतं आणि या टेस्टला रंग देतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली. सरकीचं तेल तर मिसळलं नाही ना म्हणून वनस्पती तेलाची, बीटा-सिटोस्टेरॉलची टेस्टही केली, ती निगेटिव्ह. म्हणजे तेल बाटलीत ओतलेलं नव्हतं, सरकी गाईच्या तोंडातून आली होती. "पेंड नाही" असं छापलेल्या बाटलीत. चाऱ्यानं तूप बदलतं हे काही नवीन शोध नाही, पूर्वीच्या भेसळ कायद्यात सरकी जास्त घालणाऱ्या भागांसाठी तुपाचे आकडेच वेगळे ठेवलेले होते, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्याची ओळही वेगळी होती.

हा रिपोर्ट पाठवल्यावर मालकाची भाषा बदलली. आधी म्हणाला शेजारच्या गोठ्यातलं दूध चुकून आलं असेल, मग म्हणाला उन्हाळ्यात थोडी पेंड घालावीच लागते, मग ग्रुपमधून मला काढलं. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले तर "बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे". तसं पावतीवर कुठंच लिहिलेलं नाही.

आता आम्ही दोन ठिकाणी गेलोय. एफएसएसएआयच्या अ‍ॅपवर खोट्या दाव्याची तक्रार टाकली, कारण अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. दुसरं जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १९१५ ला फोन करून विचारलं तरी ते रस्ता सांगतात. कायद्यात गिऱ्हाईकाला स्वतः नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडं पाठवायचा हक्क आहे, कलम ४०, फी भरावी लागते पण तो रिपोर्ट खासगी लॅबपेक्षा जड पडतो. आमचा सीलबंद नमुना आता तिकडं चाललाय.

ज्यांनी याच पट्ट्यातल्या कुठल्याही फार्मकडं असं वर्षाचं बुकिंग केलंय त्यांनी बाटल्या धुऊन टाकू नका. एक सील न फोडलेली, अंधारात, गार जागी ठेवा, बॅच नंबर आणि चौदा आकडी लायसन्स नंबर दिसेल असा फोटो काढा, तो नंबर एफएसएसएआयच्या साइटवर टाकून बघा कुणाच्या नावावर आहे आणि लायसन्स दूध काढून तूप करण्याचं आहे की नुसतं पुन्हा पॅकिंगचं. आमच्या फार्मचं पुन्हा पॅकिंगचं निघालं. ग्रुपवरचे जाहिरातीचे मेसेज लगेच सेव्ह करा, तक्रार गेल्याचं कळलं की ते आधी डिलीट होतात, आमच्या ग्रुपवर "पेंड नाही"वाला तक्ता त्याच रात्री गायब झाला.