बॅकअपचे पैसे भरले, बॅकअप नव्हताच

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे पार्ट बनवायचं, शॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशीन (दोन सीएनसी, एक व्हीएमसी), नऊ माणसं. मशीन आमचे हे आणि भाऊजी बघतात, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि चलनं माझ्याकडे.

दसऱ्याला मशीनची पूजा करून शॉप बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅली उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलीशी अक्षरं चिकटलेली आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी: डेटा कुलूपबंद केला आहे, किल्ली हवी तर या ई-मेलवर बोला, पैसे बिटकॉइनमध्ये.

पोटात गोळा आला, पण धीर सुटला नाही, कारण बॅकअप आहे असं मी धरून चालले होते. ज्याच्याकडे आमच्या कॉम्प्युटरचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम होतं, त्याने वर्षाला १८,००० रुपये जादा घेऊन ‘डिझास्टर रिकव्हरी’ दिली होती. "वहिनी, शॉपला आग लागली तरी डेटा क्लाउडवर सुरक्षित, दोन तासांत परत." दर महिन्याला हिरव्या टिकेची पीडीएफ यायची.

तो आला. आधी सर्व्हर स्लो आहे म्हणाला, मग संध्याकाळी बघतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, आमच्यासमोर लॉगिन कर. खातंच नव्हतं. रोज रात्री फाइल्स त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर कॉपी होत होत्या आणि त्या फोल्डरला त्याने ‘क्लाउड’ नाव दिलं होतं. सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही कुलूपबंद झाला होता.

त्या रात्री मी सगळ्या पीडीएफ एकामागे एक उघडल्या. चौदा महिने डेटाचा आकडा तोच, ४१ जीबी. रोज बिलं बनत होती, पार्टीकडून ड्रॉइंग येत होती, आणि आकडा जागचा हलला नव्हता. तुमच्याकडे असे रिपोर्ट येत असतील तर आधी हा आकडा बघा.

चोर आत आला तो दरवाजाही या एएमसीवाल्यानेच उघडा ठेवलेला. घरबसल्या काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर चालू, पासवर्ड शॉपचं नाव आणि १२३.

एवढं होऊनही आम्ही पुन्हा फसलो. "हॅकरशी मी बोलतो, ६०,००० मध्ये मिटवतो," तोच म्हणाला आणि आम्ही २५,००० ॲडव्हान्स दिला. डेटा आला नाही, पैसेही नाहीत. वर कॉम्प्युटर फॉरमॅट करायची त्याला भारी घाई. ते मात्र भाऊजींनी करू दिलं नाही. फॉरमॅट केला असता तर पुरावाही गेला असता आणि कुलूपबंद फाइल्सही. काही रॅन्समवेअरच्या (पैशांसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसच्या) किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर फुकट मिळतात. आमची अजून आलेली नाही, म्हणून ती डिस्क कपाटात जपून ठेवली आहे.

असं झालं तर आधी नेटची वायर काढा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. आम्ही तक्रार केली चौथ्या दिवशी, ॲडव्हान्स देऊन बसल्यावर.

भरलेली रिटर्न जीएसटी पोर्टलवर होती, त्यावरून आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून मी खाती पुन्हा बसवली. दोन महिने लागले. चालू कामाचे प्रोग्राम मशीनच्या कंट्रोलरमध्ये होते म्हणून उत्पादन थांबलं नाही. ड्रॉइंग मात्र पार्टीकडे पुन्हा मागावी लागली. ‘तुमचा डेटा आमच्याकडून गेला’ हे सांगताना ह्यांचा आवाज किती खाली गेला होता, ते मी विसरणार नाही.

आता दोन यूएसबी हार्ड डिस्क आहेत. कॉपी झाली की डिस्क काढायची. एक शॉपमध्ये, दुसरी माझ्या पर्समधून सिडकोतल्या घरी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुन्या लॅपटॉपवर टॅली रिस्टोअर करून मागच्या आठवड्याचं एक बिल उघडून बघते. मागच्या महिन्यात ते उघडलं नाही. डिस्क खराब निघाली, त्याच दिवशी नवी आणली.