प्रवासात कॉफी: एरोप्रेस न्यावा की व्ही६०?

कॉफीचं सामान कमीत कमी ठेवायचं ठरवलं की प्रश्न बहुतेक वेळा याच दोघांपाशी येऊन अडतो. एरोप्रेस म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी, आणि व्ही६० म्हणजे कागद घालून वरून पाणी ओतायची शंकूसारखी गाळणी. दोन्ही प्लास्टिकचे मिळतात, दोन्ही हलके आहेत आणि पडले तरी सहसा फुटत नाहीत. दोघांतूनही फक्कड कॉफी निघते. घरी मला विचाराल तर मी व्ही६० घेईन. त्याची स्वच्छ, हलकी चव मला जास्त आवडते. बॅगेत मात्र एरोप्रेस जातो. कारण मुक्कामी मिळणारी किटली.

व्ही६० मध्ये पाणी कुठे पडतं आणि किती वेगानं पडतं यावर बरंच काही ठरतं. म्हणून तर घरी त्याच्या जोडीला लांब, बारीक चोचीची किटली ठेवतात. हॉटेलच्या खोलीतल्या किटलीचं तोंड रुंद असतं. ती वाकवली की आधी काहीच येत नाही, मग भसकन पाणी पडतं. पुडीच्या मधोमध खड्डा होतो आणि कडेची पूड नीट भिजतच नाही. असा कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही. चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवर पाणी सोडलं तर धार बरीच शांत होते. जमतं ते, पण भल्या पहाटे गाडी पकडायची असताना एवढी हौस कुणाला!

एरोप्रेसमध्ये पूड पाण्यात बुडून राहते, त्यामुळे पाणी कसंही ओता. १५ ग्रॅम पूड, साधारण २२० मिलिलिटर पाणी, दोनदा ढवळायचं आणि दट्ट्या वरच्या तोंडाशी जेमतेम बसवून ठेवायचा. हवा कोंडली की खालून गळणं जवळजवळ थांबतं. दोन मिनिटांनी दट्ट्या हळूहळू, अर्धा मिनिट लावून खाली दाबायचा. फुस्स असा आवाज आला की थांबायचं.

उंचीवर हा फरक आणखी जाणवतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो; ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. कमी भाजलेल्या बियांना व्ही६० मध्ये ते अपुरं पडतं, कारण पाणी खाली उतरून जातं, आपल्या हातात फार काही राहत नाही. बुडवून ठेवायच्या पद्धतीत एखाद-दोन मिनिटं वाढवली की भागतं. एरोप्रेसचे जनक अ‍ॅलन अ‍ॅडलर (हवेत लांबवर जाणारी एरोबी ही चकती त्यांचीच) स्वतः ८० अंशांच्या आसपासचं पाणी सुचवत. मला ते जरा कोमट वाटतं, पण निवलेल्या पाण्यातही या यंत्राचं अडत नाही, एवढं त्यातून कळतं.

आता एरोप्रेसची खोड. त्याला दणकट मग लागतो. वरून जोर द्यायचा असतो, त्यामुळे कागदी कप दुमडतो आणि पातळ काचेचा पेला वापरणं धोक्याचं. मगाचं तोंड फार रुंद असेल तर नळी आत घसरते, फार अरुंद असेल तर बसतच नाही. २०१९ मध्ये आलेल्या ‘एरोप्रेस गो’ या प्रवासी आवृत्तीसोबत मग येतो आणि सगळं सामान त्यातच मावतं, म्हणून निव्वळ प्रवासासाठी घेणार असाल तर तोच घ्या. व्ही६० ला ही चिंता नाही, तो कशावरही निवांत बसतो.

दुसरी अडचण माणसांची. एरोप्रेसमधून एका वेळी एक कप निघतो. दोघं असाल तर पूड वाढवून कडक अर्क काढायचा आणि दोन कपांत वाटून वर गरम पाणी घालायचं. चालतं, पण तिघं-चौघं असाल, स्वतःच्या गाडीने जाणार असाल आणि चोचीची किटली सोबत न्यायची तयारी असेल, तर ०२ आकाराचा व्ही६० सरळ उजवा.

धुण्याच्या बाबतीत तुलनाच नको. एरोप्रेसची टोपी फिरवून काढली आणि दट्ट्या पुढे ढकलला की चोथ्याची घट्ट चकती टपकन कचऱ्यात पडते, आणि नळी पुसली तरी पुरते. व्ही६० चा ओला, ठिबकणारा कागद बेसिनपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत डाग पाडत जातो. शिवाय त्याचे शंकूसारखे कागद बॅगेत चुरगळतात. एरोप्रेसच्या कागदी चकत्या पाकिटातही राहतात.

बाकीचे पर्याय पटकन. काचेचा फ्रेंच प्रेस (दट्ट्याला जाळी असलेलं भांडं) फुटतो, स्टीलचा जड असतो आणि दोघांचाही गाळ बेसिनमध्ये जातो. मोका पॉटला (वाफेच्या दाबावर कॉफी करणारं भांडं) शेगडी हवी, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर थेट चालत नाही. ड्रिप बॅग (पूड भरलेली गाळणीची पिशवी) मात्र कमी लेखू नका: कपाच्या कडांना अडकवायची, वर पाणी सोडायचं, झालं. दोन दिवसांच्या कामाच्या फेरीला मी बाकी काहीच नेणार नाही.

खरं वजन मात्र ग्राइंडरचं. बरा हातग्राइंडर साधारण ३५० ते ५०० ग्रॅम भरतो, म्हणजे वरच्या दोन्हींपैकी कुठल्याही साधनापेक्षा जड. चार-पाच दिवसांचा प्रवास असेल तर निघायच्या दिवशी दळून, हवाबंद पाकिटात घट्ट दाबून न्या. सुगंध थोडा उतरेल, पण चालून जाईल. त्याहून लांबचा प्रवास असेल तर ग्राइंडर घ्या आणि हवं तर दुसरं काहीतरी काढा. ताज्या दळलेल्या बियांवर नुसतं गरम पाणी ओतून, चार मिनिटांनी वरचा थर मोडून, फेस काढून टाकून प्यायलेली कॉफीसुद्धा महिनाभराच्या जुन्या पुडीपेक्षा सरस लागते. कॉफी पारखणारे लोक कपिंगमध्ये जवळपास असंच करतात, आणि त्याला कुठलंच साधन लागत नाही.

वजनकाटा घरीच ठेवा. १५-१५ ग्रॅमच्या बिया मोजून छोट्या पुड्या बांधल्या की काम झालं. पाण्यासाठी मगावर एकदा खूण करून ठेवा.

किटली नेणार असाल तर तिचा व्होल्टेज बघा. २३० व्होल्टची किटली ११५ वर लावली तर तिला साधारण चौथा हिस्साच शक्ती मिळते. पाणी तापेपर्यंत ताटकळत बसाल. ११५ ची २३० वर लावली तर ती जळेलच. खोलीतलीच वापरणार असाल तर पहिलं पाणी उकळून ओतून द्या.

भरताना एरोप्रेसचा दट्ट्या नळीच्या मधोमध सोडू नका, रबर दाबलेलं राहून ढिलं पडतं. तो आरपार ढकलून टोकाचं रबर नळीबाहेर येऊ द्या. नेहमीच्या एरोप्रेसचा दट्ट्या आतून पोकळ असतो, त्यात काही बारीक हातग्राइंडर बरोबर बसतात. ग्राइंडर घेण्याआधी तेवढं माप काढून ठेवा.