होम लोन दुसऱ्या बँकेत नेलं, काही महिने हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

पावसजवळच्या आमच्या घराचं लोन हाउसिंग फायनान्स कंपनीतून उचलून राष्ट्रीयीकृत बँकेत नेलं, आता बरेच महिने झाले, हप्ते सुरळीत चाललेत म्हणून लिहितोय. बाकी होते 22 लाख, मुदत 14 वर्षं, व्याज 9.40. 2025 मध्ये रेपो, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.25 वर आला तरी कंपनीचा दर ढिम्म हलेना. बँकांना ऑक्टोबर 2019 पासून नवीन फ्लोटिंग (बदलत्या दराचं) होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावंच लागतं, हाउसिंग फायनान्सवाल्यांना ती सक्ती नाही, त्यांचा आपला घरचा पीएलआर, म्हणजे कंपनीने स्वतःच ठरवलेला मूळ दर. विचारलं तर म्हणे अर्धा टक्का कन्व्हर्जन फी अधिक जीएसटी, म्हणजे 12,980 भरा, 8.90 करून देतो. बँक 7.90 देत होती.

आता खरी गंमत. बँकेच्या एजंटने कागदावर आकडा लिहून दाखवला, सर तुमचा हप्ता 23,594 वरून थेट 18,265! बायको म्हणाली एवढा कसा काय कमी होईल, म्हणून घरी येऊन एक्सेलमध्ये टाकलं तर त्याने मुदत गुपचूप 20 वर्षं धरलेली. एकूण भरणा जुन्यापेक्षाही जवळपास सव्वाचार लाखांनी जास्त! मुदत 14 च ठेवली तर हप्ता 21,684, म्हणजे महिन्याला फक्त 1,900 चा फरक, पण शेवटपर्यंत तीन लाखांच्या वर वाचतात. आणि हप्ता जुनाच चालू ठेवला तर लोन जवळपास दोन वर्षं आधी संपतं, तिथे पाच लाखांच्या वर. सँक्शन लेटरमध्ये हप्त्याआधी मुदत वाचा, एवढंच सांगेन.

खर्च म्हणाल तर प्रोसेसिंग फी ऑफरमध्ये माफ होती, गहाणखताच्या स्टॅम्पला 0.3 टक्के म्हणजे 6,600 गेले, वकील आणि व्हॅल्युएशनला सातेक हजार. पहिल्या वर्षीच व्याजात तीसेक हजार वाचतायत म्हटल्यावर हे निघून जातं. जुन्या कंपनीला दंड द्यावा लागत नाही, वैयक्तिक फ्लोटिंग होम लोनवर प्रीपेमेंट चार्ज लावता येत नाही.

डोकेदुखी झाली ती कागदांची. आपल्याकडे सातबारावर चुलत्यांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांची नावं, आमची वाटणी आधीच झालेली तरी बँकेच्या वकिलाने वारस फेरफार, एनए (बिनशेतीचा कागद), मालकीचा तीस वर्षांचा सर्च सगळं पुन्हा मागितलं. त्यात कंपनी फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन बंद करायला किती भरायचे ते पत्र, देईना, आज देतो उद्या देतो. दिवसाला साडेपाचशेच्या वर व्याज चढत होतं हो! लोन फिटल्यावर मूळ कागद मुंबईहून यायलाही तीच रड. शेवटी मेलमध्ये आरबीआयचा नियम टाकला की 30 दिवसांत कागद द्यायचे नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई, मग हालचाल झाली.

गुंतवणुकीचं म्हणाल तर आमच्यात मतभेद. माझं म्हणणं हप्ता जुनाच ठेवू, 7.90 टक्के खात्रीने वाचतायत, त्यावर टॅक्स नाही. बायकोला एसआयपी हवी होती. तिचं ऐकलं, 5 तारखेला हप्ता जातो, 6 ला 1,900 इंडेक्स फंडात, कारण खात्यात पडून राहिले असते तर गणपतीत कुठे गेले कळलं नसतं. इतक्यात रिटर्नबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आंब्याचे पैसे मात्र फंडात घालायचे नाहीत, आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आत, पेटीचा हिशेब झाला की जमेल तेवढे सरळ मुद्दलात, हे ठरलेलं आहे. बँकवाले टॉपअप (याच घरावर आणखी कर्ज) घ्या आणि तो गुंतवा म्हणून फोन करत असतात, त्यांना नाही म्हणालो, कर्ज काढून बाजारात पैसे घालायची आपली छाती नाही.

आणि रेपो वर गेला की हा दरही वर जाणार हे धरून चला, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये तो 4 वरून 6.50 झाला होता. सातबाराच्या इतर हक्कातला कंपनीचा बोजा आपोआप उतरत नाही, एनओसी घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. आमचा फेरफार अजून मंजूर व्हायचाय.