वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि क्लिपचा डबा: पूरपट्ट्यातल्या घरासाठी

मी सांगलीत गावभागाच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर राहते. जुलै लागला की आमच्याकडे माणूस भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. तिथे 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली आणि 2021 च्या जुलैत तिने पुन्हा पन्नाशी ओलांडली. तेव्हापासून पावसाळ्याआधी पाणी आणि कोरडा शिधा भरून ठेवणं हे पापड-कुरडयांसारखंच उन्हाळ्याचं काम झालंय.

बाहेरगावचे पाहुणे विचारतात, चहूकडे पाणी असताना प्यायला कसं मिळत नाही? अहो, पूर आला की नदीकाठची पंपघरं पाण्यात जातात आणि नळ बंद पडतो. धोका नको म्हणून वीज तोडतात, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत नवं पाणी चढत नाही. बिल्डिंगच्या जमिनीतल्या टाकीत गटाराचं पाणी शिरतं, ते कशालाच वापरता येत नाही. विजेवरचा फिल्टर तर नुसता भिंतीवर लटकतो. घरात जे भरून ठेवलं असेल तेवढंच आपलं.

2019 नंतर गणपती पेठेतल्या एका दुकानातून मी वीस लिटरचे सहा कॅन घेतले. दोन तोटीचे, चार साधे. तोटीचा साडेचारशेला पडला, साधा थोडा स्वस्त. हिशेब असा: प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर, घरात चौघं, म्हणजे एकशेवीस लिटर आठवडाभर पुरतं. भांडी आणि संडासाचं पाणी वेगळं, ते बादल्यांत आणि पिंपात.

या कॅनची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तोंड. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो आणि कितीही विसळला तरी तो निघत नाही. इथे घासणी थेट बुडाला लागते. बुडाला त्रिकोणात 2 हा आकडा आहे, म्हणजे एचडीपीई नावाचं प्लास्टिक, आणि शेजारी खाद्यपदार्थांना चालत असल्याची खूण. ही खूण बघूनच घ्या. बाजारात निळे मोठे बॅरल स्वस्तात मिळतात, पण त्यातल्या कितीतरींमध्ये आधी कारखान्याचं रसायन भरलेलं असतं. तसल्या बॅरलमधलं पाणी घरच्यांना मी कधीच देणार नाही.

मूठ रुंद आहे, हाताला कापत नाही. भरलेला कॅन वीस किलोचा. माझा मुलगा दोन्ही हातांत एकेक घेऊन जिना चढतो. पूरपट्ट्यात यालाच सगळ्यात जास्त मार्क. 2021 ला तळमजल्यावरच्या काकूंचं दोनशे लिटरचं भरलेलं पिंप कुणालाच हलवता आलं नाही, त्यात गाळाचं पाणी शिरलं. वर आलं ते हातात उचलता येण्याजोगं सामान. तळमजल्यावर राहत असाल तर पाणी लहान कॅनमध्येच भरा, मग दुकानदार मोठ्या पिंपाचे कितीही गुण सांगो.

आता तोटी. तोटीच्या बाबतीत कंपनीने साफ निराशा केलीय. आतला वायसर पातळ आहे, नट आवळला तरी थेंब-थेंब गळतं. रात्री खाली वाटी ठेवली तर सकाळी काठोकाठ भरलेली. एरवी ठीक, पण आठवडाभर पाणी जपायचंय तिथे ही गळती परवडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून जाड वायसर आणून टाकल्यावर गळायची थांबली. शिवाय तोटी बुडापासून दोन बोटं वर बसवलीय, त्यामुळे शेवटचं पाणी कॅन कलता केल्याशिवाय येत नाही. दुसरी उणीव म्हणजे रंग. कॅन पांढरा, उजेड आरपार जातो, आणि गॅलरीत ठेवला की शेवाळ धरतं. मी आतल्या खोलीत गोधडी टाकून झाकून ठेवते आणि महिन्याला पाणी बदलते. जुनं धुण्याला जातं. पुरात बाहेरून मिळालेलं पाणी मात्र आधी गाळून, खळखळून उकळूनच भरायचं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळायला गॅस पुरणार नसेल तर आरोग्य खात्याच्या आशाताई क्लोरीनचे थेंब देतात, ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घालायचे आणि अर्धा तास थांबायचं.

त्याच दुकानातून शिध्यासाठी पंधरा लिटरचा स्टीलचा डबा घेतला. झाकणाला रबराची रिंग, दोन बाजूंना क्लिप. यात ज्येष्ठात भरलेले चुरमुरे श्रावणात काढले तरी कुरकुरीत निघतात. नेहमीच्या डब्यात तेच चुरमुरे आठ दिवसांत सादळतात. मी यात चुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि सातूचं पीठ ठेवते. सगळं न शिजवता खाता येतं. भडंग आमच्या भागाची शान, पण तिखट-मीठ खाल्लं की तहान लागते आणि पाणी मोजकं असतं, म्हणून भडंगाचं एकच लहान पुडकं. डब्यातच मीठ-साखर वेगळ्या पुड्यांत: कुणाला जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

डब्याची रिंग वास धरते. एकदा लसणाची चटणी सांडली, तर पुढे कित्येक दिवस गुळाला लसणाचा वास. रिंग काढून धुता येते, ती पुन्हा नीट बसली की नाही ते बोट फिरवून बघावं लागतं. पण मला खरी खटकते ती क्लिप. ती इतकी घट्ट आहे की सासूबाईंच्या बोटांनी उघडतच नाही. त्या घरी एकट्या असताना पाणी वाढलं तर शिधा समोर असून उपाशी राहायचं का? म्हणून त्यांचा वेगळा डबा साध्या झाकणाचा ठेवलाय आणि त्यातलं खाणं दर पंधरा दिवसांनी बदलते.

साधे कॅन डोळे झाकून घ्या. तोटीचा एकच पुरे, आणि घेतानाच जाड वायसर टाकून घ्या. डबा घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दुकानात नेऊन त्यांच्या हातून उघडून बघा.