नोटपॅड प्लस प्लस: वजनकाट्याच्या फाइलसाठी याहून कामाचा एडिटर मी पाहिला नाही

फाइलमधून आकडे वाचताना एरर आली की आमच्याकडचे पोट्टे आधी कोड उकरत बसतात. माझं सांगणं एवढंच की आधी फाइल पाहा, आणि ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये पाहा.

मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो. काट्यावरून निव्वळ वजनांची टेक्स्ट फाइल निघते, एका ओळीत एक आकडा. पायथनची छोटी स्क्रिप्ट ती वाचून क्विंटलची बेरीज करते. हंगामात काट्यासमोर गाड्यांची रांग असते. स्क्रिप्ट अडली की खिडकीतून लगेच विचारणा होते, ‘काऊन जी, माह्या गाडीचं झालं का नाही?’

पहिल्याच ओळीवर ‘कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट’ येतं, म्हणजे हा मजकूर फ्लोटमध्ये, दशांश संख्येत, बदलता येत नाही. पुढे अवतरणात वजनाच्या आधी तीन अगम्य चिन्हं, शेवटचं उलटं प्रश्नचिन्ह. साध्या नोटपॅडमध्ये मात्र नुसतं २३४० दिसतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये खाली उजवीकडे बघा, ‘यूटीएफ-८-बॉम’ लिहिलेलं असेल. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट्सची खूण आहे, आणि विंडोजवर जुन्या एन्कोडिंगनं (अक्षरं बाइट्समध्ये मांडायच्या पद्धतीनं) वाचलं की तिची तीन अक्षरं होऊन आकड्याला चिकटतात. एन्कोडिंग मेनूतून ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ करून सेव्ह केलं की काम झालं. रोजच तशी फाइल येत असेल तर पायथनच्या ओपनमध्ये, म्हणजे फाइल उघडायच्या आज्ञेत, एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, फाइलला हातही लावायला नको.

व्ह्यूमधलं ‘शो सिंबॉल’ आणि त्यातलं ‘शो ऑल कॅरेक्टर्स’ तर मी कायम चालूच ठेवतो. स्पेसचे ठिपके, टॅबचे बाण, ओळ संपते तिथे सीआर-एलएफच्या चौकटी, सगळं उघडं पडतं. मधेच एखादी रिकामी ओळ असेल तर लपत नाही; फ्लोटला ती दिली की पुन्हा तीच एरर. मागेपुढे स्पेस असेल तर काळजी नको, पायथन ती आपणच झटकतो. देवनागरी अंकही तो बिनतक्रार वाचतो. सी प्लस प्लसचं तसं नाही, तिथे स्ट्रीम, म्हणजे फाइल वाचणारा प्रवाह, फेल होते आणि पुढचं एकही वजन येत नाही. १,२४,५६० असे स्वल्पविराम मात्र पायथनलाही चालत नाहीत.

सगळ्यात ताप देतो तो शून्याच्या जागी पडलेला इंग्रजी ओ. हातानं टाकलेल्या नोंदींत हमखास असतो आणि घाईत डोळ्यांना दिसत नाही. फाइंडमध्ये ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ (नमुना देऊन शोध) निवडून अंक, टिंब आणि ओळीचा शेवट सोडून बाकी काहीही शोधायला लावा, थेट त्या अक्षरावर नेऊन ठेवतो.

उणं म्हणाल तर हा फक्त विंडोजसाठी आहे, आणि मेनू इतके गच्च की नवख्याला हवं ते सापडत नाही. शिवाय पायथनच्या एररमधला ओळ क्रमांक स्क्रिप्टचा असतो, फाइलचा नाही. तो घेऊन कंट्रोल-जी मारलं तर भलत्याच वजनावर जाल. लूपमध्ये एन्युमरेट (ओळी मोजणारं फंक्शन) १ पासून लावून फाइलचा ओळ क्रमांक छापा, सोबत ओळ रेप्रनं, म्हणजे न दिसणारी चिन्हंही दिसतील अशी, छापा, मग कंट्रोल-जी.

आमच्या भागात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे मला आवडलेली खरी गोष्ट ही: बदल केला की दर ७ सेकंदांनी हा त्याची प्रत ठेवतो. लाईट येऊन कॉम्प्युटर सुरू झाला की सेव्ह न केलेला मजकूरही परत मिळतो. डॉन हो यांनी २००३ मध्ये आणलेला हा एडिटर आजही फुकट आहे. पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालते, इंटरनेट लागत नाही.

कन्व्हर्ट करण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा. वजनावरून वाद निघाला तर शेतकऱ्यासमोर तीच उघडावी लागते.