ऑडिओमॉथ: सह्याद्रीच्या पावसात कितपत कामाचा?

58 × 48 × 15 मिलिमीटरचा हा ध्वनिमुद्रक तीन पेन्सिल सेलवर चालतो आणि आवाज मायक्रोएसडी कार्डावर साठवतो. बेडूक, रातवे, शीळकरी कस्तूर यांच्या नोंदी महिनोन् महिने घ्यायच्या असतील तर किमतीच्या मानाने चोख यंत्र. फक्त लावणाऱ्याला शिस्त हवी.

नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे तो आकडा, 8 ते 384 किलोहर्ट्झ. बेडूक-पक्ष्यांना 48 पुरतो, तासाला साधारण 346 एमबी. वटवाघळांसाठी 384 लावला की तोच तास 2.76 जीबीचा होतो आणि कार्ड संथ किंवा नकली असेल तर मुद्रण मध्येच तुटतं. दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं 48 वर टिपली तर दिवसाला 2.8 जीबी धरा. सेलचा रोजचा खर्च यंत्राच्या सेटिंग्ज ठरवायचं संगणकावरचं ॲप मिलिअँपिअर-तासांत दाखवतं. तीन सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे हिशेबाला क्षमता एकाच सेलची घ्यायची. तिप्पट धरली की यंत्र नेमकं बेडकांच्या भरात बंद पडतं.

खरा घोळ होतो तो घड्याळात. सेल काढले की वेळ पुसली जाते. रानात ती परत लावायला फोनवरचं चाइम ॲप आहे, फोनच्या सुरावटीतून यंत्र वेळ घेतं. वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) ठेवली असेल तर नावात 003000, म्हणजे 00:30:00, असलेली फाइल मध्यरात्रीची नसते, आपल्या सकाळी सहाची असते. ही गोष्ट सुटली की पहाटेचा अख्खा कलरव रात्रीच्या खात्यात जमा!

पेटीशिवाय नुसता सर्किट-बोर्ड पावसात टिकत नाही. झिपच्या पिशवीत टिकतो, पण पिशवी फडफडते आणि वरच्या पट्टीचे आवाज दबतात. आंबोलीसारख्या ठिकाणी वेगळी मिळणारी जलरोधक पेटीच घ्या. खोडाला घट्ट बांधा, आजूबाजूची पानं छाटा, गेन (आवाज किती वाढवून टिपायचा ते) मध्यम ठेवा. वाढवलात तर सरींचा मारा बाकी सगळं गिळतो.

बर्डनेट या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळखलेली नावं कानाने तपासल्याशिवाय अहवालात घालू नका. हाकांच्या संख्येवरून बेडकांची संख्याही काढू नका: एकच नर रात्रभर ओरडू शकतो, आणि माद्या बहुधा गप्पच असतात. एखादी जात कुठे आणि कोणत्या आठवड्यात बोलते, पाणवठ्याजवळ काम निघाल्यावर ती हाक थांबते का, हे मात्र यातून नीट कळतं. अभयारण्यात लावण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.