नौपाड्यातलं गालिच्याचं दुकान: जुना इराणी गालिचा आधी इथे दाखवा

आमच्याकडे आजेसासऱ्यांनी घेतलेला इराणी गालिचा आहे, ४ बाय ६ चा, लाल-निळा. गेल्या पावसाळ्यात कोपऱ्याला कसर लागली म्हणून घाबरून एका लॉन्ड्रीत नेला तर तिथला माणूस म्हणाला मॅडम निळा रंग मधेच फिका पडलाय, डाय करून एकसारखा करून देतो. नशीब मी दिला नाही!

मग मैत्रिणीने नौपाड्यातलं हे दुकान सांगितलं. काकांनी आधी गालिचा उलटा केला, गाठींच्या दर ओळीनंतर आडवा धागा एकच आहे हे दाखवलं आणि म्हणाले हा इराणमधल्या हमदान शहराकडचा. मी फिक्या निळ्याचं विचारलं तर दोन बोटांनी लोकर बाजूला करून म्हणाले, "ताई, वाकून बघा, रंग उडाला असता तर वरचं टोक फिकं आणि गाठीपाशी गडद दिसलं असतं." खरंच वरपासून खालपर्यंत एकच निळा होता! नीळ प्रत्येक वेळी सारखी चढत नाही, एका खेपेची लोकर संपली की पुढची थोडी वेगळी येते, त्या पट्ट्याला अब्राश म्हणतात. आम्ही इतकी वर्षं त्याला डाग समजत होतो. गडद तपकिरी रेघांवरून हात फिरवला तर त्या खोल लागतात, कारण त्या रंगात लोखंड असतं आणि ते लोकर हळूहळू खातं.

लाल रंग आपल्या मंजिष्ठाच्याच कुळातल्या झाडाच्या मुळांचा, तुरटी लावून चढवलेला. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री देत नाही असं काकांनी स्वतःहून सांगितलं, कारण त्या मुळातलंच लाल रंगद्रव्य, अलिझरीन, १८६८ साली प्रयोगशाळेतही बनवलं गेलं, आणि दोन्ही लाल डोळ्यांना सारखेच दिसतात. एवढं प्रामाणिकपणे कोण सांगतं हो? धुवायच्या आधी ओला पांढरा रुमाल दाबून लाल रंग उतरत नाही ना ते माझ्यासमोर तपासलं.

धुऊन, कोपरा लोकरीने विणून साडेसहा हजार झाले, काम बघता मला पटले. तीन आठवडे सांगून सहा लावले आणि मेसेजला उत्तर देत नाहीत, फोनच करावा लागतो, एवढं सुधारायला हवं. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, जुन्या सुती साडीत ठेवा असं बजावलंय. पार्किंग अजिबात नाही, पण एवढा गालिचा गुंडाळून रिक्षात आरामात मावतो.